कमाल उंची

वाशीच्या मत्स्यालयवाल्याने विचारलं, मासे किती?
मासे नाहीत, पालक आहे, म्हटलं.
दोन्ही एकच असल्यासारखा
त्याने मुठीएवढा काळा पंप पुढे सरकवला.
अठरा वॅट. कमाल उंची दोन मीटर.

घणसोलीत चौथ्या मजल्यावर आमची बाल्कनी,
वाळत घातलेल्या दोन चादरींएवढी.
भिंतीला चार पांढरे पाइप आडवे, एकाखाली एक,
पाइपांना भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या,
वाट्यांत भाजलेल्या मातीचे गोळे, आणि त्यांत
बोटभर रोपं, जमीन न पाहिलेली.
खाली चाळीस लिटरचा निळा टब.
शेवाळ धरू नये म्हणून त्याला काळं प्लास्टिक गुंडाळलं.
आई म्हणाली, तीट बाळाला लावतात गं,
तू पाळण्यालाच फासलीस.

बाबा दारात, चाकाच्या खुर्चीत.
सत्तावीस वर्षं रबाळ्याच्या पंप हाऊसमध्ये
दोनशे हॉर्सपॉवरच्या मोटारी त्यांच्या हाताखाली.
नुसता तळहात ठेवून सांगायचे,
मढवी, तीन नंबरचं बेअरिंग जातंय.

झटका आला त्याला आता चौदा महिने.
सगळे शब्द गेले, एक राहिला: मंगळवार.
भूक लागली, मंगळवार.
पंखा बारीक कर, मंगळवार.
आईवर चिडले की
मंगळवार मंगळवार मंगळवार.
हाच का राहिला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.
आई म्हणते, त्या दिवशी शटडाऊन असायचा ना.
ती असं काहीही म्हणते.

पंप टबात सोडला. नळी सगळ्यात वरच्या पाइपात.
वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ आलाच
तर बोर्डापर्यंत न जाता तिथेच ठिबकेल.
बटण दाबलं.
गुणगुण आली.
पारदर्शक नळीतून पाणी चढलं,
पहिला पाइप, दुसरा, तिसरा,
आणि वरच्या वळणाशी येऊन उभं राहिलं.
थरथरत होतं. खाली जात नव्हतं, वरही.

खोका पुन्हा वाचला.
कमाल उंची म्हणजे, आत्ता कळलं,
जिथे पाणी पोचतं
पण पडत नाही.

मंगळवार, बाबा म्हणाले.
डावा तळहात वर, वर, वर.
उठायचंय त्यांना, आई म्हणाली.
मी एका काखेत, ती दुसऱ्या,
एक दोन तीन करून उभं केलं तर
केवढ्याने ओरडले! मंगळवार!
बसवलं. पुन्हा तळहात वर.
चहा? नको. गच्ची? नको.
मग तो हात खुर्चीबाहेर लोंबकळत
टबाच्या काठाला लागला, आणि
त्यांनी टब उचलला.
म्हणजे हलला नाही. पण उचलला.

अरे हो. टबच वर घ्यायचा की.
वरचं खाली येत नसेल तर खालचं वर.
चाळीस लिटर मी मगाने उपसलं,
घरातली सगळी पातेली भरली, कुकरसुद्धा.
वॉचमन रामनरेशकडून आठ पेव्हर ब्लॉक आणले,
गेटपाशी उगीच पडले होते,
दोन थर रचले, वर टब ठेवला, पुन्हा मगाने भरला.
कंबर मोडली. बाबा बघत होते,
नवीन पोराकडे फोरमन बघतो तसे.

बटण.
पाणी चढलं, वळणाशी आलं, थांबल्यासारखं झालं
आणि करंगळीएवढी धार पडली.
एका पाइपातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात,
शेवटी टबात, खळखळ नाही, नुसतं टपटप.
बाबांनी टबावर तळहात ठेवला. डोळे मिटले.
बराच वेळ.
मग म्हणाले, मंगळवार,
इतक्या हळू की आईने कूकर ठेवून मागे पाहिलं.
त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

टायमर लावलाय, पंधरा मिनिटं चालू, पंधरा बंद.
रात्री पंप थांबतो तेव्हा
नळीतलं पाणी मागे येतं,
अंधारात कुणी घोट गिळावा तसा आवाज होतो.
बाबा जागे होतात. त्यांची खाट करकरते.
मग मी इकडे, ते तिकडे,
पुन्हा सुरू होईपर्यंत
आम्ही दोघंही झोपत नाही.